आवाजावरचा भरवसाच उठला तर गावच्या निवडणुकीचं काय?

माणदेशी_पोर

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहून टाकतो. गेल्या महिन्यात आमच्या गावच्या विकास सोसायटीची निवडणूक झाली. माझी आत्या महिला राखीव जागेवर उभी होती. आत्या म्हणजे वीस वर्षं बचत गट चालवणारी बाई, कुणाच्या घरी बाळंतपण असो नाहीतर मयत, पहिला डबा हिचा. मतदानाच्या आदल्या रात्री साडेदहाच्या सुमाराला गावातल्या चार ग्रुपवर एक क्लिप आली, बावीस सेकंदांची. आवाज आत्याचा, मध्ये दम खायला ती जशी थांबते तशी थांबलेलीसुद्धा. आणि म्हणतेय काय, तर "वाडीवरच्यांचं काय एवढं, पाचशे रुपये हातावर ठेवले की झालं, त्यांना कुठं काय कळतंय."

आत्या असं बोललेली नाही. पण हे सांगायला रात्री साडेदहाला कुणाच्या दारात जाणार? सकाळी सातला वाडीवर प्रत्येक फोनमध्ये क्लिप पोचलेली होती. आत्या चौदा मतांनी पडली.

हरल्याचं तिला एवढं नाही. पण आता ती ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकत नाही. आधी हप्त्याची आठवण करायची तरी दीड दीड मिनिटाचा मेसेज यायचा, टाइप करायचा कंटाळा म्हणून. तेच मेसेज कुणीतरी यंत्राला खायला घातले असणार, दुसरीकडे तिचा आवाज मिळणार कुठे. आता नुसता अंगठा टाकते.

एआयमुळे काय काय होईल यावर मोठमोठ्या लोकांचं बोलणं आपण ऐकतो, यंत्रं माणसाला संपवतील वगैरे. मला विचारायचंय ते साधं आहे. गावात माणूस माणसाला आवाजावरून ओळखतो, शब्दावर पैसे देतो. तो शब्दच कुणाच्याही तोंडी घालता येत असेल तर निवडणूक, पंचायत, ग्रामसभा हे कशाच्या जोरावर चालणार? तुमच्याकडे असं काही झालंय का?

सुगरण_खोपा

जागा धरायला रुमाल टाकून ठेवते. आत्यांचं वाचून फार वाईट वाटलं.

नाना_वाईकर

माणदेशी, तुमच्या आत्यांबद्दल वाईट वाटलं, पण यात नवीन काय ते मला कळलं नाही. मी १९७८ पासून निवडणुका बघतोय. मतदानाच्या आदल्या रात्री निनावी पत्रकं दाराखालून सरकवायचे, अमका तमक्याला विकला गेला, तमकीचं अमुक आहे. खोट्या सह्या व्हायच्या, पाठिंबा जाहीर केल्याच्या खोट्या बातम्या छापलेले अंक निघायचे. लोक तरीही मत द्यायचे आणि पुष्कळदा बरोबर द्यायचे. यंत्राचा एवढा धसका कशाला.

गणिताची_बाई

नाना, फरक आहे. पत्रक निनावी असायचं, म्हणजे ते 'कुणीतरी म्हणतंय' असंच वाचलं जायचं. इथे आत्या स्वतःच्या तोंडाने बोलतेय. आपण डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं याला पुरावा म्हणत आलोय, तोच आता फुटलाय. दुसरं म्हणजे किंमत. पत्रकाला छापखाना लागायचा, छापणारा कुठे ना कुठे बोलायचा. आणि आता? २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने वॅल-ई नावाचं मॉडेल दाखवलं, त्याला नक्कल करायला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. तीन सेकंद! आत्यांचे तर दीड दीड मिनिटाचे मेसेज.

तुमच्या आत्यांसोबत झालं ते स्लोव्हाकियात देशाच्या निवडणुकीत झालंय. तिथे ३० सप्टेंबर २०२३ ला मतदान होतं. दोन दिवस आधी एका पक्षाचा नेता मिखाल शिमेच्का आणि एक पत्रकार बाई मतं विकत घ्यायचं बोलतायत अशी ऑडिओ फिरली. दोघांनी खोटी म्हणून सांगितलं. पण तिथे मतदानाआधी ४८ तास प्रचारबंदी असते, म्हणजे खोडून काढायचं तर नेमकं तेव्हाच तोंड बांधलेलं. पक्ष दुसऱ्या नंबरवर राहिला. क्लिपमुळेच हरला असं कुणी ठामपणे म्हणू शकत नाही आणि हेच मला जास्त भयंकर वाटतं, की नुकसान किती झालं ते कधीच मोजता येत नाही. चौदा मतांचं पण तसंच.

तळेगावची_मैना

एवढ्या लांब कशाला जाता, आपल्याकडचं २०२४ आठवा की. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आणि १९ ला संध्याकाळी निवडणुकीत बिटकॉइनचा पैसा वापरल्याच्या क्लिपा. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज म्हणून. सुळेंनी लगेच तक्रार केली की हे खोटं आहे, अजित पवार म्हणाले आवाज मला ओळखू येतो, बातम्या तपासणाऱ्या लोकांनी टूलमधून घालून बघितल्या तर बनावट असण्याची शक्यता जास्त निघाली. मी कुठल्याच पक्षाची नाही, मला एवढंच म्हणायचंय की माझी आई सकाळी मतदानाला निघताना विचारत होती "मग खरं काय गं?" आणि मला सांगता आलं नाही. चुलत भावाबहिणीत आवाज खरा की खोटा यावर दोन मतं, तिथे आपण कोण.

नाना_वाईकर

मैना, हा मुद्दा मला पटला. सकाळचं म्हणणं थोडं मागे घेतो.

रानवारा

उलटी बाजूही बघा. उद्या एखादा खरोखर पैसे वाटताना रेकॉर्ड झाला तर तो आरामात म्हणणार, एआयने बनवलंय. खोट्याची भीती वाढली की खऱ्या चोराला आयती पळवाट. आमच्याकडे एका ठेकेदाराने ग्रामसभेत हेच केलं, पाइपलाइनच्या कामाचं बोलणं त्याचंच होतं, दहा माणसं साक्षीला, तरी म्हणे माझा आवाज चोरलाय. आणि अर्ध्या सभेला पटलं.

हिंजवडीकर

धागा राजकारणाकडे गेलाय पण सामाजिक धोका म्हणाल तर नोकऱ्यांबद्दल कुणीच का बोलत नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अकरा वर्षं काढली. आमच्या टीममध्ये चौदा जण होतो, आता पाच, आणि काम तेवढंच. नवीन पोरं घेणं जवळजवळ बंद. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पुण्याच्या या पट्ट्यात किती घरं, किती ईएमआय, किती मेसवाल्या मावश्या, किती रिक्षावाले त्या पगारांवर उभे आहेत याचा हिशेब कुणी केलाय का? आणि पोरांच्या हाताला काम नसलं की ती कुणाच्या मागे जातात हे आपण आधीही बघितलंय. म्हणजे फिरून राजकारणच.

गणिताची_बाई

हिंजवडीकर, काळजी खरी आहे पण त्या कंपनीच्या प्रमुखांनीच तेव्हा सांगितलं होतं की ही कपात एआयमुळे नाही, कौशल्यं आणि कामं जुळत नाहीत म्हणून आहे. सगळं एआयच्या नावावर टाकलं तर कंपन्यांना विचारायचे बाकीचे प्रश्न राहून जातात.

हिंजवडीकर

जे सांगितलं ते मीही वाचलं. पण कौशल्य जुळत नाही म्हणजे काय हो बाई? चाळिशीतल्या माणसाचं काम यंत्राला दिलं की त्याचं कौशल्य जुळेनासं होतंच ना. कारण कुठलं लिहिलं याने घरी बसलेल्याला काय फरक पडतो. माझा शेजारी रोज सकाळी बॅग घेऊन निघतो आणि दुपारी बागेत बसलेला दिसतो. त्याच्या बायकोला अजून माहीत नाही.

सुगरण_खोपा

अरे देवा. त्यांना एकटं सोडू नका हो, बोलत राहा त्यांच्याशी.

बालाघाटची_ताई

मी फार लिहीत नाही इथं पण आज लिहिते. बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे, सतरा वर्षं झाली. आता घरी न्यायचा आहार वाटायचा तर मोबाईलवर लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो आणि ओटीपी. आमच्याकडं दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. एका लेकराची माय कोयत्यावर गेलेली, लेकरू अडीच वर्षाचं, आजीपाशी ठेवलेलं. आजी पाकीट न्यायला आली. चेहरा मायचा नोंदलेला, आजीचा कसा जुळणार. ओटीपी गेला बापाच्या फोनवर, बाप बेळगावकडं उसाच्या फडात, रेंज नाही. आजी दोन तास बसली पायरीवर. मला म्हणती, "अगं तू मला वळखतीस की."

वळखते ना. तिच्या लेकीचं, त्या लेकराच्या मायचं सुद्धा वजन मीच केलंय लहानपणी. पण माझ्या वळखीला आता किंमत नाही, फोन म्हणल ते खरं. मी त्या दिवशी माझ्या घरातलं शेंगदाणे गूळ दिलं. पण मला विचारायचंय की हे बदलायचं तर सांगायचं कुणाला? सुपरवायझर म्हणतात वरून आहे. वरचे म्हणतात सिस्टीम आहे.

माणदेशी_पोर

ताई, तुमचं वाचून थांबलो. मी भरवसा उठल्याबद्दल लिहीत होतो, तुमच्याकडे तर समोर बसलेल्या माणसाचा भरवसा नियमानेच काढून घेतलाय.

उट्रेख्तकर

बालाघाटच्या ताईंनी जे विचारलंय ना, 'सांगायचं कुणाला', त्यावर इथे नेदरलँड्समध्ये एक अख्खं सरकार पडलंय, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते.

इथे पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार पालकांना भत्ता देतं. त्यात कोण लबाडी करतंय हे शोधायला करखात्याने २०१३ पासून स्वतः शिकत जाणारं एक मॉडेल वापरलं, ते प्रत्येक अर्जाला धोक्याचे गुण द्यायचं. डच नागरिक आहे की नाही हासुद्धा त्यात एक घटक होता. गुण जास्त आले की फाईल माणसाकडे जायची, पण गुण का जास्त आले हे त्या माणसालाही दिसत नव्हतं. एखादी सही राहिली, एखादा कागद चुकला, तरी लबाड ठरवून वर्षानुवर्षांचा सगळा भत्ता परत मागायचे, हजारो युरो, काहींना लाखाच्या घरात. सुरुवातीचा आकडाच साधारण २६,००० पालकांचा होता. घरं गेली, संसार मोडले, आणि या कुटुंबांमधली हजाराहून जास्त मुलं सरकारी ताब्यात गेली. आई ऑफिसात जाऊन विचारायची माझं काय चुकलं, आणि समोरच्याकडे उत्तरच नसायचं.

१५ जानेवारी २०२१ ला पंतप्रधान मार्क रुटं यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मी तेव्हा इथे नवी होते, ऑफिसात दुसरा विषय नव्हता. मार्चमध्ये निवडणूक झाली आणि तेच परत पंतप्रधान झाले ते वेगळं. भरपाईचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं.

म्हणून मला रोबोटच्या गोष्टींपेक्षा याची धास्ती जास्त वाटते. इतका श्रीमंत देश, सगळे शिकलेले, कोर्टं चालणारी, आणि तरी सत्य बाहेर यायला इतकी वर्षं लागली. ताई, तुमच्या आजीबाईंच्या मागे कोण उभं राहणार?

उसाचा_रस

सगळे एआयला झोडपतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसासाठी एआयचा प्रयोग केलाय, उपग्रहाचे फोटो, जमिनीतले सेन्सर, हवामान, सगळं मिळून कधी पाणी द्यायचं, कुठे रोग दिसतोय ते मोबाईलवर येतं. मी जाऊन बघून आलोय. शेजारच्या शेतकऱ्याचं पाणी वाचलेलं माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझा मुलगा दहावीला आहे, इंग्रजी धडा त्याला एआय मराठीतून समजावून सांगतं, क्लासला पाठवायची माझी ऐपत नाही. शहरातल्या लोकांनी भीती घालून हे पण काढून घेऊ नका.

बालाघाटची_ताई

दादा, काढून घ्या कुणी म्हणत नाही. तुमच्या मोबाईलनं सांगितलं पाणी देऊ नको आणि तुम्हाला वाटलं द्यावं, तर तुम्ही देता ना? मला ते देता येत नाही. एवढंच.

उसाचा_रस

ताई, बरोबर बोललात. माझ्या हातात ठरवणं आहे, तुमच्या हातात नाही. असा विचार मी केला नव्हता.

सह्याद्री_७७

याला जोडून पोलिसांचं. आपल्या राज्याने २०२४ मध्ये नागपूरला मार्व्हल नावाची कंपनीच काढली, पोलिसांना एआय पुरवायला. गुन्हे लवकर उकलतील तर हवंच आहे. पण दिल्लीचं एक उदाहरण लक्षात ठेवा, तिथल्या पोलिसांनी माहितीच्या अधिकारात २०२२ मध्ये सांगितलं की चेहरा ८० टक्क्यांच्या वर जुळला की जुळला असं धरतो. कुठल्या कायद्यात हा आकडा आहे? कुठल्याच नाही. मोर्चाला गेलेल्या पोराचा चेहरा ८१ टक्के जुळला तर त्याने कुणाशी भांडायचं.

खगोलप्रेमी

थोडं अवांतर वाटेल. जेफ्री हिंटन, ज्यांच्या कामावर हे सगळं उभं आहे, ते मे २०२३ मध्ये गूगल सोडून बाहेर पडले ते मोकळेपणाने धोक्यांवर बोलता यावं म्हणून. २०२४ ला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच मे महिन्यात एक एका वाक्याचं निवेदन निघालं, एआयने माणूस नामशेष होण्याचा धोका महामारी आणि अणुयुद्धाच्या रांगेत बसवून हाताळावा असं. त्यावर हिंटन यांची सही होती आणि ओपनएआयच्या सॅम ऑल्टमन यांचीसुद्धा, म्हणजे जे बनवतायत त्यांचीच. ही भीती थट्टेवारी नेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पण माझा जीव दुसऱ्या गोष्टीत अडकतो. हे बनवायला लागणारा पैसा, वीज, चिपा जगात मोजक्या कंपन्यांकडे आहेत. उद्या शाळेतला धडा, कोर्टातला अनुवाद, दवाखान्यातला सल्ला सगळं त्यांच्या यंत्रातून यायला लागलं तर आपली भाषा, आपलं बरं-वाईट ठरवणारं कोण? आपण मत देतो आमदाराला, त्या कंपन्यांना कुणी निवडून दिलंय.

कोकणी_मेवा

वातावरण फार गंभीर झालं म्हणून सांगते, उपयोगाचं पण आहे. आमच्या घरी आम्ही परवलीचा शब्द ठरवलाय. फोनवर कुणीही "पैसे पाठव, अडकलोय" म्हणालं की आधी शब्द विचारायचा. बाबांनी ठरवला 'सोलकढी'. परवा दादाने खरंच गाडी बंद पडली म्हणून फोन केला, घाईत म्हणाला 'तिवळ'. बाबांनी फोन ठेवला! दोन तास बिचारा कशेडी घाटात.

नाना_वाईकर

तिवळ आणि सोलकढीत फरक न कळणारा मुलगा असेल तर बाबांनी बरोबर केलं :)

वकीलसाहेब_सांगली

धागालेखकांसाठी. सहकार न्यायालयात बरीच वर्षं काम करतो म्हणून नेमकं सांगतो.

एक, निकाल गेल्या महिन्यात लागलाय म्हणजे वेळ आहे. सोसायटीच्या निवडणुकीचा वाद निकालापासून दोन महिन्यांच्या आत सहकार न्यायालयात दाखल करावा लागतो. गावातल्या चर्चेत दिवस घालवू नका.

दोन, ती क्लिप काढून टाकू नका, रागाने ग्रुप सोडू नका. ज्या फोनवर ती पहिल्यांदा आली तो फोन, तारीख, वेळ, कुणाच्या नंबरवरून आली, सगळं जपा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फोन असला की सोपं जातं. सायबर पोलिसांकडे वेगळी तक्रार द्या.

तीन, हे जरा कडू आहे. ६ मे २०२४ ला निवडणूक आयोगाने पक्षांना सांगितलं की बनावट व्हिडिओ-ऑडिओ लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. पण ते लोकसभेच्या धामधुमीत, पक्षांसाठी. तुमच्या सोसायटीची निवडणूक सहकारी निवडणूक प्राधिकरणाखाली येते, तिथे पक्ष नसतो, पॅनेल असतं, आणि पॅनेलचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कुणाच्याच नावावर नसतो. आशाताई भोसलेंच्या आवाजाच्या नकलेवर मुंबई हायकोर्टाने २०२५ मध्ये संरक्षण दिलं, फार चांगलं झालं. तेवढंच संरक्षण बचत गटाच्या अध्यक्षबाईला मिळावं म्हणून मी स्वतः युक्तिवाद करायला तयार आहे. फी नको. निरोप पाठवा.

सुगरण_खोपा

वकीलसाहेब, तुम्हाला नमस्कार.

माणदेशी_पोर

वकीलसाहेब, निरोप पाठवलाय. डोळ्यात पाणी आलं.

चार दिवस इथे आलो नव्हतो कारण गावाला गेलो होतो. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद आत्याला वाचून दाखवले. ताईंच्या आजीबाईंचं ऐकून ती उठली आणि म्हणाली चल वाडीवर. मी म्हटलं नको, भांडण होईल. ऐकते कुठे. संध्याकाळी गेलो. आधी कुणी बसा पण म्हणेना. मग आत्याने एकीच्या ओट्यावर बसून स्वतःच सांगितलं, क्लिप लावा, माझ्यासमोर ऐकूया. एका पोराने लावली. सगळे गप. मग तिथल्या एक म्हाताऱ्या आहेत, ऐंशीच्या पुढच्या, त्या म्हणाल्या परत लाव. परत लावली. म्हणाल्या, "ही काय आमची न्हाई. ही पाचशे म्हणतीया. ही बाई जल्मात पाचशे म्हणली न्हाई, पाश्शे म्हणती."

खरंच आहे. आत्या पाश्शेच म्हणते, आम्ही घरातले सगळे म्हणतो. आणि हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, मी तर ती क्लिप पन्नासदा ऐकली असेल. म्हातारीने चहा ठेवायला सांगितला.

गणिताची_बाई

अंगावर काटा आला वाचताना. मात्र एक सांगते, रागावू नका. पुढच्या वेळचं यंत्र पाश्शे म्हणेल. त्याला तेवढं शिकवायला फार वेळ लागत नाही.

माणदेशी_पोर

रागवत नाही बाई, माझ्याही मनात परत येताना तेच होतं. आत्याला बोललो तसं. ती म्हणाली मग आदल्या रात्री साडेदहाला आपणच वाडीवर जाऊन बसायचं, येऊ दे काय यायचंय ते. पुढच्या निवडणुकीला उभी राहणार म्हणतेय.

बालाघाटची_ताई

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि वकीलसाहेब, आमच्या आहाराच्या गोष्टीचं पण बघता येईल का, आम्ही तालुक्यातल्या चाळीस जणी आहोत, सगळ्या सह्या करू.

वकीलसाहेब_सांगली

ताई, जरूर. कुणाचा आहार कुठल्या तारखेला अडला, फोनवर काय संदेश आला, ते एका वहीत लिहायला आजपासून सुरुवात करा. चाळीस जणींच्या चाळीस वह्या हव्यात मला.